शब्दचर्चा: धनुष्याचं लाकूड चिरायचं, फोडायचं की तासायचं?

प्रश्न

धनुष्यासाठी रानातलं लाकूड तोडण्यापासून ते वाळवण्यापर्यंतची कृती मराठीत लिहायची आहे, पण शब्दांपाशी गाडी अडते. ओंडक्यातून काढलेल्या लांब तुकड्याला फळी म्हणावं, पट्टी म्हणावं की आणखी काही? धनुष्याच्या दोन अंगांना, म्हणजे लक्ष्याकडच्या आणि नेमबाजाकडच्या, काय म्हणायचं? 'वाळवणे' पुरे की 'सीझन करणे'च लिहावं? आणि कमठा, कामठा, कामटी हे एकच का?

प्रतिसाद

फळी नकोच. फळी म्हटली की करवत आली, आणि धनुष्याच्या लाकडाला करवत शेवटी लावायची. 'चिरणे' आणि 'फोडणे' हे इथे पर्यायी शब्द नाहीत. करवत सरळ जाते, लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, आपल्या वाटेने जाते. चिरलेल्या पट्टीत रेषा मध्येच कडेला निघते आणि धनुष्य ओढलं की नेमकी तिथून काडी उठते. पाचरीने फोडलं की भेग रेषेनेच जाते, म्हणून तुकडा किंचित वाकडा निघाला तरी तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. अशा तुकड्याला मी 'फाक' म्हणेन.

कृतीत असं लिहा: १२ ते १५ सेंमी जाडीचं सरळ खोड, गाठी नसलेलं. ७० सेंमी ओढीच्या (दोरी जेवढी मागे खेचायची तेवढ्या अंतराच्या) धनुष्याला साधारण १७० सेंमी लांबी लागते, तेव्हा तुकडा दोन मीटरचा घ्या, कारण वाळताना टोकं तडकतात आणि दोन्हीकडचा १०-१५ सेंमी भाग टाकून द्यावा लागतो. टोकाच्या मधोमध लोखंडी पाचर ठोकायची, भेग जिथवर गेली तिथे बाजूने दुसरी, मग पहिली मोकळी होते. आडव्या अडकलेल्या शिरा कुऱ्हाडीने तोडायच्या. जाड खोडाच्या चार फाका होतात, बारीक खोडाच्या दोनच.

झाड उभं असतानाच सालीकडे बघावं. सालीवरच्या भेगा खोडाला वळसा घालत वर गेल्या असतील तर आत पीळ आहे. थोडा पीळ शेक देऊन काढता येतो, पण दोन मीटरमध्ये पाव वळसा आला तर ते खोड सरपणाला.

प्रतिसाद

'फाक' ऐकून कांदा-लिंबूच डोळ्यासमोर येतं, पण 'फाकणे' हे क्रियापद आपल्याकडे आहेच, तेव्हा चालेल. 'तासणे' मात्र वेगळं ठेवा. वाकसाने (सुताराच्या आडव्या पात्याच्या हत्याराने) तासतात, रंध्याने साफ करतात, कानशीने घासतात आणि शेवटी काचेच्या तुकड्याने किंवा पात्याने खरवडतात. प्रत्येक पायरीला लाकूड कमी निघतं. हे महत्त्वाचं का, तर धनुष्याची ताकद रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १० मिमी जाडीचे ९ मिमी केले की ताठपणा जवळपास २७ टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे जाडी उतरवण्याच्या टप्प्यावर 'तासा' असं लिहिलंत तर वाचणारा वाकस घेईल आणि एका घावात धनुष्य पोरांच्या खेळण्याचं होईल. तिथे 'खरवडा' लिहा.

कोणतं लाकूड, हेही लिहा. आपल्याकडे पहिलं नाव धामणीचं. संस्कृतात याला धन्वन आणि धनुर्वृक्ष म्हणतात, त्यातच उपयोग आला. लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, कावडी यांनाही तेच. अंतर्सालीचा वाख निघतो, त्याची दोरी वळतात. 'धामण' लिहिताना 'झाड' शब्द जोडा, नाहीतर शहरी वाचक साप समजेल.

प्रतिसाद

अंगांची नावं: पाठ आणि पोट. फक्त एकदा स्पष्ट करा की पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू, कारण नेमबाजाच्या बाजूने पाहणारा उलटं समजतो. पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. बिघाडांनाही दोन शब्द ठेवा. पाठीला काडी उठते, पोटाला आडवी सुरकुती पडते. पोटावर बोट फिरवलं की ती नखाला लागते. काडी उठली तर तंतू तुटले, म्हणजे रेषा जपली गेली नव्हती. सुरकुती पडली तर तेवढ्याच जागी बाक जास्त येतोय किंवा लाकूड ओलं आहे. दोन्हींना सरसकट 'तडा' म्हटलं तर उपाय चुकतो.

पाठीबद्दल आणखी एक. सागासारख्या, वर्षाची वलयं ठळक दिसणाऱ्या लाकडात पाठीवर एकच वलय अखंड राहिलं पाहिजे. धामणीत वलयांपेक्षा तंतू सांभाळावे लागतात. साल काढल्यावर खालचा गुळगुळीत पृष्ठभाग हीच तयार पाठ, तिला वाकस लावूच नये. गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड थोडं जास्त ठेवावं, गाठ सपाट करू नये.

कमठा आणि कामठा हे एकाच शब्दाचे दोन उच्चार, अर्थ धनुष्य. तीरकमठा म्हणा की तीरकामठा. कामटी वेगळी: आकाशकंदिलाला लागते ती बांबूची बारीक चीप. घोळ होतो कारण भिल्लांचा कामठा फोडलेल्या बांबूचाच असतो आणि त्याची दोरीही बांबूच्या सालीची पट्टी असते. म्हणजे 'बांबूची कामटी वाकवून कामठा केला' हे वाक्य बरोबर आहे, 'कामटीने बाण सोडला' हे मराठीत विचित्र आहे. (मध्य प्रदेशातल्या झाबुआकडे मात्र 'तीर-कामठी' म्हणतात, तिथून आलेला मजकूर असेल तर तसाच ठेवा.)

बांबूत सर्वांत दाट तंतू बाहेरच्या सालीलगत असतात, म्हणून पाठ तीच. पेराच्या गाठी बाहेरून सपाट घासल्या की तिथेच तुटतो. कोवळा बांबू नको. एका पावसाळ्यात तो पूर्ण उंच होतो, पण पक्का व्हायला तीन वर्षं लागतात.

प्रतिसाद

वाळवण्याचं. 'सुकवणे' कपड्यालाही चालतं, 'वाळवणे' लाकडाला नेहमीचं, 'सीझन करणे' सुताराच्या तोंडी आहेच. मी 'वाळवणे' घेईन, पण 'उन्हात वाळवणे' नाही. ओली फाक उन्हात ठेवली की वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि भेगा पडतात. सावलीत, जमिनीपासून उचलून, दर हातभर अंतरावर टेकू देऊन आडवी ठेवायची. टोकांना तोडल्याच्या दिवशीच मेण, रंग किंवा लाकडाचा गोंद जाड फासायचा. साल काढली असेल तर पाठीलाही.

तोड हिवाळ्यात, पावसाळ्याचं पाणी उतरल्यावर. बांबूत तेव्हा पिष्ट कमी असतं, त्यामुळे भुंगा कमी लागतो. राखीव वनात परवानगीशिवाय कोयता लावू नका, मालकीच्या रानातही तोडीचे नियम असतात. वनाबाहेर वाढलेला बांबू मात्र २०१७ पासून भारतीय वन कायद्याच्या 'वृक्ष' व्याख्येत येत नाही.

'वाळलं' कधी म्हणायचं? दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. आकडा हवा तर त्याच लाकडाचा छोटा तुकडा तोला, १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत ठेवा, परत तोला. ५६ ग्रॅमचे ५० झाले तर ओलावा १२ टक्के, कारण भाग कोरड्या वजनाला द्यायचा. धनुष्याला ८ ते १० टक्के चांगला.

कोकणात पावसाळ्यात हे जमत नाही. हवेची आर्द्रता ९० टक्के असली की लाकूड १९-२० टक्क्यांवर येऊन थांबतं, कितीही महिने ठेवा. अशा लाकडाचं धनुष्य दोरी काढली तरी वाकलेलंच राहतं. याला 'बाक धरणे' म्हणा, 'वाकणे' नको, कारण वाकणं तर धनुष्याचं कामच आहे. उलट विदर्भातल्या मे महिन्यात लाकूड ५-६ टक्क्यांवर उतरतं आणि कडकपणाने मोडतं.

प्रतिसाद

दोरीचे शब्दही लागतील. ज्या, गुण, मौर्वी, प्रत्यंचा यांतला 'मौर्वी' मूर्वा या वनस्पतीवरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोऱ्यांचा कच्चा माल दिला आहे: मूर्वा, अर्क म्हणजे रुई, शण म्हणजे ताग, गवेधु हे गवत, वेणु म्हणजे बांबू आणि स्नायू. धनुष्यांच्या यादीत ताड, बांबू, लाकूड आणि शिंग असे चार प्रकार आहेत. टोकाला संस्कृतात कोटी किंवा अटनी, मुठीच्या जागेला लस्तक. कृतीत मात्र टोक, खाच, मूठ एवढंच ठेवा. 'लस्तकापाशी जाडी ३ सेंमी ठेवा' वाचून कुणी कानस उचलणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

फाक, पाठ, पोट, बाक धरणे घेतले. दोरी 'बांधणे' की 'चढवणे'?

प्रतिसाद

एक टोक बांधायचं, दुसरं चढवायचं. चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत साधारण १५ सेंमी अंतर हवं: मूठ वळून अंगठा उभा केला की जेवढी उंची होते तेवढं. 'वीतभर' लिहू नका. वीत २२ सेंमीच्या आसपास भरते आणि तेवढं चढवलं तर नवं धनुष्य पहिल्याच दिवशी बाक धरेल.