मदत हवी आहे: ‘लीजन’ला सोपा मराठी शब्द?

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, मल्टिपल स्क्लेरोसिसवर एमआरआय वापरून पीएचडी करतेय. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, वायरीवरचं प्लास्टिक सोलावं तसं. अशा कुरतडलेल्या जागा म्हणजे ‘लीजन’; स्कॅनमध्ये त्या बऱ्याचदा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. संमतीपत्रकात मी त्यांना ‘डाग’ म्हटलं, तर मिरजेच्या एक काकू दचकल्याच, “डाग म्हंजे गाठ का गं?” ‘व्रण’ही जमेना, आईला तो पायावरचाच वाटतो. दुसरं काही सुचतंय का?

आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांना काय म्हणू? शेजारचे विचारतात, बरा आहे तर मशीनमध्ये कशाला घालतेस! (क्ष-किरण नसतात त्यात. पण जोडवी, मंगळसूत्र काढायला सांगितलं की निम्म्या जणी तिथंच अडतात.) बुधवारपर्यंत कळवा, पत्रक छापायला द्यायचंय.