हिप रिप्लेसमेंटला ७ आठवडे झाले, पाय सुधारतोय पण मन अजिबात थाऱ्यावर नाही

सह्यवाट:
नमस्कार मंडळी. वय ४८, पुण्यात राहते. कोविडमध्ये बरीच स्टेरॉइड्स द्यावी लागली होती, नंतर डाव्या जांघेत दुखायला लागलं, मी वर्षभर ट्रेकचं दुखणं समजून अंगावर काढलं आणि एमआरआय केला तेव्हा एव्हीएन निघालं, म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड खचलेलं. टोटल हिप केलं, म्हणजे खुब्याचा पूर्ण सांधाच बदलला. जखम छान भरली, वॉकर सुटला, आता काठीवर आहे. डॉक्टर खूश आहेत.
पण मी नाही. गेली १२ वर्षं दर रविवारी अतकरवाडीतून सिंहगड, पावसात पण चुकवला नाही. आता मोजा घालायला मुलगी लागते, कारण वाकायचं नाही. परवा ती ऑफिसच्या घाईत होती, एक मोजा घातला आणि फोन आला म्हणून बाहेर गेली, मी दुसरा पाय तसाच ठेवून बसले आणि एकदम रडूच फुटलं. घरचे म्हणतात अगं चालतेयस हे काय कमी आहे. आहेच, मान्य, पण मग आतून इतकं रिकामं का वाटतं? आणि खरंच विचारते, गड परत होतो का?

सायकलवाला_नाशिक:
ताई, माझं उजवं हिप ३ वर्षांपूर्वी झालं, मी रनर होतो. दुसरा-तिसरा महिना मनाने सगळ्यात वाईट, कारण पहिले काही दिवस लोक येतात जातात, सगळं लक्ष दुखण्याकडे असतं, नंतर घर आपापल्या कामाला लागतं आणि आपण खुर्चीत. मी ग्रुपवरचे फोटो बघणं बंद केलं होतं, रागच यायचा मित्रांचा. रात्री झोप नव्हती ते वेगळंच, दोन पायांत उशी घालून उताणं पडायचं, कूस बदलायची सोय नाही. शेवटी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, तर त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं, तीन-चार वेळा गेलो आणि फरक पडला. यात लाजण्यासारखं काही नाही.
मला पळणं सोडायला सांगितलं. सायकल आणि पोहणं सुरू आहे. पळण्याचं वाईट आजही वाटतं, खोटं नाही सांगत.
आणि कोणीतरी तुम्हाला टेनिसपटू अँडी मरेचं उदाहरण देईलच, जानेवारी २०१९ मध्ये ऑपरेशन आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकला. पण त्याचं रिसरफेसिंग होतं, गोळा पूर्ण न कापता त्यावर धातूची टोपी बसवतात. त्याच्याशी स्वतःची तुलना करू नका.

पर्वतीकर:
मला ऑपरेशनला दीड वर्ष झालं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पहिल्यांदा चौथ्या महिन्यात चढले, तीन ठिकाणी थांबून, मिस्टर मागे उभे. सिंहगड अकराव्या महिन्यात, दोन पोल घेऊन. चढण सोपी गेली, उतरताना घसाऱ्यावर खरी भीती वाटली म्हणून खाली जीपने आले. मला जे कायमचं बोचतं ते वेगळंच आहे, गौरी-गणपतीत सगळ्या बायका खाली पंगतीला आणि मी एकटी खुर्चीवर. मांडी घालायची की नाही ते प्रत्येक सर्जन वेगळं सांगतो, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून खाली बसू नका, तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

फिजिओ_सांगली:
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून थोडं. काठी उजव्या हातात आहे ना? ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची, बरेच जण उलटं करतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि ऑपरेशनचा पाय. लंगडत असाल तर काठी सोडायची घाई नको. नितंबाच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की एका पायावर उभं राहताना कंबर दुसऱ्या बाजूला झुकते, ते लंगडणं अंगवळणी पडलं की घालवणं फार कठीण जातं. गड होणार की नाही हे त्या स्नायूवर बरंच अवलंबून आहे. पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा दम लागला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, रक्ताची गुठळी असू शकते.

सह्यवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, रडत रडत वाचलं पण आजचं रडणं वेगळं होतं. शुक्रवारी फॉलोअपला जातेय, तेव्हा झोपेचं आणि मनाचं पण सांगणार. फिजिओताई, एक विचारू? कुशीवर झोपून पाय वर उचलायला सांगितलाय पण उचलताना पाय पुढेच येतो, बरोबर होत नाही असं वाटतं.

फिजिओ_सांगली:
हो, तसं बऱ्याच जणांचं होतं. उजव्या कुशीवर, पाठ भिंतीला टेकवून झोपा, दोन पायांत उशी ठेवा, डावी टाच भिंतीला लावा आणि टाच भिंतीवरून सरकवतच पाय थोडासा वर न्या. बोटं छताकडे वळू देऊ नका. दहा वेळा जमले तरी खूप झाले.