कॉन्व्हेंटमधली नववी: फोटो, स्लॅमबुक, कॅसेट यांतून स्मृतिपुस्तक कसं करावं?

नववी_क
सावंतवाडीकडची मुलींची कॉन्व्हेंट शाळा, नववीची तुकडी १९९९-२०००. आमची दहावी मार्च २००१ची, म्हणजे यंदा पंचवीस वर्षं. २७ डिसेंबर २०२६ला भेटायचं ठरतंय आणि त्या दिवशी प्रत्येकीच्या हातात एक छोटं पुस्तक द्यायचं आहे. पुस्तक फक्त नववीचं, कारण दहावीच्या आठवणी म्हणजे सराव परीक्षा आणि व्याख्यानमाला. खरी मजा त्याआधीच्या वर्षातच होती.

जमलेला ऐवज असा:
१) वर्गाचा ग्रुप फोटो, साधारण १२ इंच रुंद, फ्रेम केलेला. काचेला चिकटलाय आणि एका कोपऱ्यात बुरशी आहे.
२) तीन स्लॅमबुकं. चमकीचे जेल पेन, पानं एकमेकांना चिकटलेली, काही गुलाबी अक्षरं दिसेनाशी झालेली.
३) सिस्टर बक्षीस म्हणून द्यायच्या ती सांतांची (ख्रिस्ती संतांची) छोटी चित्रं, सोनेरी कडांची. मागे मजकूर.
४) गॅदरिंगची व्हीएचएस आणि क्वायरची एक ऑडिओ कॅसेट.
५) चिकट पानांच्या अल्बममधले सहलीचे फोटो.

सगळं कोकणातल्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं, त्यामुळे काय अवस्था असेल ते सांगायला नको. काय आधी करावं, कशाला हात लावू नये? छपाईबद्दलही सांगा. प्रती साधारण ५०.

माडाची_सावली
फोटो ओढून काढू नको गो बाय. गेलो तर परत येवचो नाय. बाकीचा जाणकार सांगतीत.

काच_आणि_कागद
वरचा सल्ला सोळा आणे खरा. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. दमट हवेत ते फुगतं, मऊ होतं आणि काचेला टेकलेलं असेल तर तिथेच वाळून बसतं. ओढलं की चेहऱ्याचा थर काचेवर आणि कोरा कागद हातात. पाण्यात भिजवून सोडवायचा उपाय तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. साध्या रंगीत प्रिंटवर तो कधीकधी चालतो, पण तुमच्या फोटोला बुरशी आहे. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, कोपऱ्यातल्या दोन मुली पाण्यातच राहतील. तेव्हा भिजवणं बाद.

काचेसकट प्रत काढा. फ्रेमच्या मागच्या चुका (बारीक खिळे) काढून पाठीचा पुठ्ठा बाजूला करा, काच आणि फोटो एकत्रच बाहेर घ्या. काच बाहेरून ओलसर कापडाने पुसा. फवारा मारू नका, कडेने पाणी आत शिरतं. मग स्कॅनरवर काच खाली ठेवून स्कॅन. इथे एक गोम आहे: हल्लीचे प्रिंटरसोबत येणारे चपटे स्कॅनर सहसा सीआयएस (पातळ सेन्सरच्या) प्रकारचे असतात, त्यांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. तुमचा फोटो काचेच्या जाडीमुळे दोनेक मिलिमीटर वर असणार, म्हणजे चेहरे धूसर. सीसीडी प्रकारचा (आत आरसे-भिंग असलेला) जाड स्कॅनर लागेल, त्याला थोडं वरचंही दिसतं. शिवाय ए-फोरवर १२ इंच रुंदी आडवी मावत नाही आणि उभी ठेवली तरी कड कापली जाते, तेव्हा दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडा. फोटो स्टुडिओत 'सीसीडी आहे का' असं विचारा, दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या की तिथून निघा.

रिझोल्यूशन ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके). ग्रुप फोटोत एक चेहरा जेमतेम ५ मिलिमीटरचा असतो. ३०० ला त्याला ६० पिक्सेल मिळतात, ६०० ला ११८. पुढे १२०० ला गेलात तर फाईल चौपट होते आणि दिसतो तो फक्त कागदाचा पोत. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटणाऱ्या फाईलमध्ये) ठेवा, वाटायची जेपेगमध्ये. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

स्कॅनर नाहीच मिळाला तर कॅमेरा स्टँडवर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दोन दिवे, घरातले बाकीचे दिवे बंद, आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड. कापड नसेल तर सिस्टरांच्या रांगेत तुमचाच चेहरा काचेत उमटेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा १२ इंच रुंदीला सुमारे ५०० पिक्सेल प्रति इंच देतो, ते पुरेसं आहे.

नावं. हे काम स्कॅनइतकंच महत्त्वाचं आणि लोक ते शेवटी ठेवतात. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या नुसत्या बाह्यरेषा काढा, आत आकडे घाला आणि खाली यादी द्या: 'बसलेल्या, डावीकडून', 'उभ्या, पहिली रांग'. डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे एकदा लिहून टाका. यादीत माहेरचं नाव आधी, आताचं नाव पुढे. शाळेत कुणाला सासरच्या आडनावाने ओळखत होतो? निगेटिव्हवरून प्रत काढलीत तर उलटी नाही ना ते पुढच्या मुलीच्या हातातल्या 'नववी क'च्या पाटीवरून बघा.

चिकट अल्बमसाठी पण हेच: आधी पानासकट स्कॅन. मग वरचं प्लॅस्टिक उचलून, दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोखालून करवतीसारखा पुढेमागे सरकवा. पानाला बाक द्या, फोटोला नाही. जो सुटत नाही त्याच्या भोवतीचं पान कापून तसाच ठेवा.

कसर_नको
स्लॅमबुक आणि सांतांच्या चित्रांचं मी सांगतो.

बुरशी असलेलं सामान आधी वेगळ्या पिशवीत. कोरड्या दिवशी घराबाहेर, वारा पाठीवर घेऊन, एन-९५ मास्क लावून रंगकामाच्या मऊ ब्रशने झटका. ओली, काळपट, पसरणारी बुरशी असेल तर ब्रश फिरवू नका, ती आतच घासली जाते. आधी सावलीत पंख्याखाली सुकू द्या, मग पांढरी भुकटी झाली की झटका. उन्हात वाळत घालणं हा आपल्याकडचा हमखास घोटाळा. मिरच्या-पापड उन्हात घालायचे, स्केचपेनची अक्षरं नाही.

चमकीच्या शाईने चिकटलेली पानं: कोपऱ्यातून प्लॅस्टिकची पातळ पट्टी सपाट सरकवून बघा. अक्षरापाशी अडली तर थांबा. वाफ अजिबात नको, जेलची शाई पाण्याने पसरते.

दिसेनाशी झालेली गुलाबी अक्षरं मात्र बहुतेक वेळा वाचता येतात. पान रंगीत स्कॅन करा, फोटो सुधारण्याच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये लाल, हिरवा, निळा चॅनेल (रंगाचे थर) वेगळे करून पाहा. गुलाबी-लाल शाई हिरव्या चॅनेलमध्ये गडद दिसते, पिवळी निळ्यात. 'फेव्हरेट हिरो' सापडला म्हणजे काम झालं.

सांतांच्या चित्रांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने सोनेरी कड मळकते आणि मागचा मजकूर कायमचा प्लॅस्टिकआड जातो. दोन्ही बाजू स्कॅन करा, मग एकेक चित्र साध्या पांढऱ्या झेरॉक्सच्या कागदाच्या पाकिटात. प्रार्थनेच्या पुस्तकात वाळलेली फुलं असतील तर फुलं वेगळी ठेवा, त्यांच्यातल्या आम्लाने आजूबाजूची पानं तपकिरी होतात.

पुढचा साठा: ट्रंक नको. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा (तळाशी त्रिकोणात ५ असतो), त्यात दर लिटरला २० ग्रॅम सिलिका जेल. १५ लिटरच्या डब्याला ३०० ग्रॅम, कापडी पुरचुंडीत, फोटोला न लागता. नारिंगी रंगाचं घ्या, ओलावा भरला की हिरवं होतं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा नारिंगी. निळ्या प्रकारात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात तापवू नका. आत स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. ६० टक्क्यांच्या खाली राहिलं तर निवांत, ६५ च्या वर बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात डबा उघडायचा नाही. डांबराच्या गोळ्या फोटो आणि प्लॅस्टिकजवळ नकोत.

गणवेश कुणी जपला असेल तर स्टार्च धुऊन टाका आणि बॅज, सेफ्टीपिन काढा. स्टार्च कसरीला आवडतो आणि पिनेचा गंज खाऱ्या हवेत एका पावसात उतरतो.

टेप_डेक
कॅसेटबद्दल एकच: घाईने व्हीसीआरमध्ये ढकलू नका. व्हीएचएसच्या कडेचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला, खिडकीतून रिळाच्या कडाही बघा. पांढरी पूड किंवा जाळं दिसलं की ती कॅसेट लावायची नाही. फीत चिरते, बुरशी हेडवर (व्हीसीआरच्या फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती साफ करणाऱ्याकडेच द्या. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून मग रेकॉर्ड करा. आपल्याकडची पाल ही व्हिडिओची पद्धत, म्हणजे ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायचे फार स्वस्त यूएसबी डोंगल फ्रेम गाळतात आणि नाच एकीकडे, गाणं दुसरीकडे होतं.

ऑडिओ कॅसेटमध्ये फितीमागचा नमद्याचा बारीक तुकडा जागेवर आहे का बघा. तो पडला की आवाज दबका येतो आणि लोक फितीला दोष देतात. स्क्रूच्या दुसऱ्या कॅसेटच्या कवचात रिळं हलवली की झालं. आवाज वॅव फाईलमध्ये घ्या.

बाकावरची
सामानाचं सगळ्यांनी सांगितलं. आठवणी कशा गोळा करणार? 'नववीची तुझी आवडती आठवण लिहून पाठव' असं ग्रुपवर टाकलंत तर पन्नास जणींकडून 'ते सोनेरी दिवस' येईल आणि पुस्तक कुणी वाचणार नाही. प्रश्न हाताला लागेल असा विचारा:

तुझं बाक कुठल्या खिडकीपाशी, शेजारी कोण? असेंब्लीत तू कितव्या रांगेत, आणि प्रार्थनेची कुठली ओळ अजून तोंडपाठ आहे? ख्रिस्ती मुली कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या तासाला) गेल्या की मॉरल सायन्सच्या तासाला वर्गात काय चालायचं? वेण्यांच्या रिबिनी कुठल्या रंगाच्या, कमी पडल्या तर कोण द्यायचं? डब्यातलं कुणाचं काय आधी संपायचं? ख्रिसमसच्या गोठ्यात गवत कुठून आणायचात? बोर्डिंगच्या मुली रविवारी काय करायच्या? गॅदरिंगच्या नाचात ऐन वेळी काय सुटलं?

एकीला तीनच प्रश्न, वेगवेगळे. लिहायला सांगू नका, दोन मिनिटांची व्हॉइस नोट मागा. लिहिताना बायका निबंध लिहितात, बोलताना खरं सांगतात. उतरवून काढताना तिची मालवणी किंवा कोंकणी जशीच्या तशी ठेवा. २०० शब्दांच्या वर कुणाचंच नको.

संमती: स्लॅमबुकातलं कुणाचंही 'क्रश'चं पान तिला विचारल्याशिवाय छापू नका, टोपणनावंही विचारून. मध्येच शाळा सोडलेल्या आणि नववीत मागे राहिलेल्या मुलींना आधी फोन करा. त्या ग्रुपवर नसतात, पण त्या वर्षाच्या असतात. ज्या आता हयात नाहीत त्यांचं पान घरच्यांशी बोलून.

तारखेचं बघा: २७ डिसेंबर रविवार आहे. सकाळी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना) असते, तेव्हा दुपारनंतर ठेवा. मुंबईहून येणाऱ्यांना सांगून ठेवा, रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. २६ तारखेच्या गाडीसाठी २७ ऑक्टोबर, सकाळी ८.

खिळा_जुळारी
छपाई. ५० प्रतींना ऑफसेट (प्लेटांवरची छपाई) परवडत नाही, डिजिटल करा.

आकार ए-फाइव्ह, ६४ पानं. पानं ४ च्या पटीत हवीत. कागद १०० जीएसएम (जाडीचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा पुस्तकी कागद, किंवा मॅट. चकचकीत आर्ट पेपर नको, कोकणच्या पावसाळ्यात दोन पानं एकमेकांना चिकटतात आणि तुमच्या नातींना हाच धागा पुन्हा उघडावा लागेल. पिना मारून बांधणी स्वस्त, पण खारी हवा दोन-तीन वर्षांत पिना गंजवते. मधोमध दोऱ्याची शिलाई सांगा, १६ कागद सहज शिवले जातात. नुसत्या गोंदाच्या बांधणीतून पानं सुटतात. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन केलंत तर दुसरी बाजू दमट हवा पिऊन फुगते आणि पुस्तक बाहेरच्या बाजूला वळतं. निदान कागदाचा कल (तंतूंची दिशा) पुस्तकाच्या पाठीच्या समांतर ठेवा, वळणं कमी होतं.

गणवेशाचा निळा रंग छपाईत जांभळा येतो, ही तक्रार दर स्मरणिकेत असते. निळ्यात मॅजेंटा (गुलाबी शाई) सायनपेक्षा (आकाशी शाईपेक्षा) निदान ३० टक्के कमी ठेवायला सांगा. एका पानाचा नमुना छापून बघितल्याशिवाय ५० प्रतींना हो म्हणू नका.

मजकूर युनिकोडमध्येच घ्या. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधून आलेलं 'र्‍य' आणि 'ऱ्ह' हमखास फुटतं. पानं जुळवायच्या इनडिझाइन प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावली नाही तर वेलांट्या जागा सोडतात. शेवटचं वाचन एकीने नाही, दोघींनी: एकीने मोठ्याने, दुसरीने प्रूफ बघत. नावांची यादी तिसरीने.

नववी_क
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेतली एक मुलगी कुणालाच आठवत नाहीये. शाळेत विचारावं का?

बाकावरची
विचारा, पण 'यादी द्या' म्हणून नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख असते, ते बाहेर देणार नाहीत. फोटोची प्रत घेऊन जा आणि त्या वर्षीच्या वर्गशिक्षिकेला भेटा. तोपर्यंत यादीत आकडा छापा आणि पुढे रेघ मोकळी सोडा. भेटीच्या दिवशी पेन्सिल ठेवा, कुणीतरी भरेल.

माडाची_सावली
ती बहुतेक बोर्डिंगातली. बोर्डिंगवाल्यांका आधी विचार.