डिस्क नेमके कोण राबवत आहे?

आसावरी
काल जुना संगणक सुरू केला आणि हार्ड डिस्कची ओळखीची करकर ऐकताच प्रबंध लिहितानाचे दिवस आठवले. टंकलेले अक्षर पडद्यावर उमटायला तेव्हा दोन-दोन सेकंद लागत. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसे, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला जेमतेम दोन एमबी. शेवटी रिसोर्स मॉनिटरमध्ये फाइलींची यादी लेखनाच्या क्रमाने लावली, तेव्हा सर्वांत वर ‘पेजफाइल.सिस’ होती, म्हणजे रॅममध्ये न मावलेली माहिती विंडोज डिस्कवर जिथे ठेवते ती फाइल. रॅम अपुरी पडत होती आणि तिचा भार बिचारी डिस्क वाहत होती. आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

निरभ्र
ते १०० टक्के म्हणजे डिस्क किती वेळ गुंतलेली होती याचे माप, किती माहिती वाहिली याचे नव्हे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यालाच ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे विखुरलेले लहान तुकडे वाचताना दोन एमबीतही तिचा जीव मेटाकुटीला येतो.

वाटसरू
लिनक्सवर डिस्क कोण वापरते ते दाखवणाऱ्या ‘आयओटॉप’मध्ये सतत ‘जेबीडी२’ वर दिसे आणि मी आठवडाभर त्यालाच दोष देत राहिलो. तो तर फाइल सिस्टिमची रोजनिशी (बदलांची नोंदवही) लिहिणारा, कर्नलचा म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा धागा. त्याला कामाला लावणारा दुसराच कोणीतरी असतो. ‘फॅटरेस’ चालवल्यावर कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलीला हात लावतो ते ओळीओळीने दिसू लागले, आणि मीच लिहिलेली एक स्क्रिप्ट प्रत्येक नोंदीनंतर ‘एफसिंक’ करत, म्हणजे ती लगेच डिस्कवर उतरवायला लावत असल्याचे आढळले. शंभर नोंदींनंतर एकदा असा बदल केला आणि करकर थांबली. ‘आयओटॉप’ला ‘-a’ हा पर्याय दिल्यास सुरुवातीपासूनची बेरीज दिसते, हेही तेव्हाच कळले; क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आकड्यांत अधूनमधून लिहिणारा निसटतो.

मृण्मयी
बाळ झोपले आहे तेवढ्यात लिहिते. आमच्याकडे कोणताच प्रोग्राम दोषी निघाला नाही. वाचन नगण्य, तरी प्रतिसादाला काही सेकंद लागत. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच ठेवते त्या प्रकृतीच्या नोंदींच्या) तपशिलात प्रलंबित सेक्टरांची, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांची संख्या रोज वाढताना दिसली, तेव्हा शोध तिथेच सोडून आधी प्रत काढायला घेतली.

आसावरी
मृण्मयीताई, सगळे वाचवता आले का?

मृण्मयी
बाबांची छायाचित्रे वाचली. दोन फोल्डर मात्र शेवटपर्यंत उघडले नाहीत.