अहवालात काय हवं
शहर प्रशासनाने वार्षिक अहवालात वर्षभरातल्या कामांची यादी जाहीर केली हेच पुष्कळ झालं, असं एकांनी लिहिलंय. मला नाही पटत. ‘जलवाहिनी टाकली’ एवढंच कळतं. नळाला पाणी किती वेळ येतं, गळती किती घटली, याचा पत्ताच नाही. निधी खर्ची पडला म्हणजे काम झालं असं नव्हे.

प्रशासनाच्या आगामी वृक्षारोपणाचंही तेच. रोपं लावाल हो, पण पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांना पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा.

आणि लोकांना नुसतं कार्यक्रमांना नको, अंदाजपत्रक ठरवतानाही बोलवा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये ही पद्धत सुरू केली, तेव्हा वस्त्यावस्त्यांच्या सभांतून लोकांनी पाणी आणि सांडपाण्याची कामं पुढे आणली.