सिकलसेल 'एएस' निघालेल्या मुलांना कॅम्पमधून काढायचं का?

मैदानफिजिओ
नागपुरात मे महिन्यात निवासी शिबिर आहे. कबड्डी अन् ॲथलेटिक्सची 14 ते 18 वयाची 40 मुलंमुली, बरीचशी गडचिरोली-गोंदियाकडची. कोचचं म्हणणं, सगळ्यांची सिकलसेल तपासणी करा, एएस निघतील त्यांची यादी द्या, त्यांना घरी पाठवतो. फिजिओने यादी द्यावी का? नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर?

ओला_टॉवेल
देऊ नका. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. एएस म्हणजे त्याचा वाहक, रुग्ण नाही. एसएस म्हणजे रुग्ण; तसं असेल तर खेळायचं किती ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतील.

कोचची भीती मात्र अगदीच पोकळ नाही. सलग जोर लावून पळताना स्नायूत ऑक्सिजन कमी पडतो, आम्ल वाढतं, आणि वाहकाच्याही काही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. स्नायू मरायला लागले की त्यातलं पोटॅशियम रक्तात येतं, हृदयाची लय बिघडते. अमेरिकेत राईस विद्यापीठाचा एक फुटबॉलपटू 2006 मध्ये लागोपाठ स्प्रिंटनंतर असाच गेला. त्यानंतर 2010 पासून तिथल्या वरच्या गटाच्या कॉलेज खेळाडूंची तपासणी सुरू झाली, पण ती वाहकांना काढायला नव्हे.

कोचला दाखवायचं ते दुसरंच. 2016 मध्ये अमेरिकी लष्करातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला. वाहकांमध्ये स्नायू विरघळण्याचा धोका दीडपटीच्या आसपास होता, मृत्यूचा धोका मात्र वाढलेला दिसला नाही. तिथे उष्णतेची, पाण्याची, विश्रांतीची काळजी सगळ्यांसाठी सारखी घेतात. नियम सगळ्यांना लागू केला की यादीची गरजच संपते.

दम_काढा
कोच म्हणून विचारतो. सगळ्यांनाच ढील दिली तर स्टॅमिना येणार कुठून? अन् पडलेलं पोरगं नाटक करतंय की खरंच गेलंय, ते मैदानावर कसं कळणार?

ओला_टॉवेल
ढील नाही हो, चढण हळू. पहिल्या दिवशी बीप टेस्ट (बीपच्या तालावर वेग वाढवत दमेपर्यंत पळायची चाचणी) नको. पूर्ण जोराचा सलग प्रयत्न 2-3 मिनिटांपलीकडे नको. दोन स्प्रिंटमधला दम खेळाडूने घ्यायचा, शिट्टीने नाही. शिक्षेच्या राउंड बंद. ताप-जुलाब असेल त्या दिवशी सुट्टी. 10-14 दिवसांत शरीर उन्हाला सरावतं, मग वाढवा.

ओळख अशी: उन्हाच्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि पोरगं ओरडतं. सिकलिंगमध्ये, म्हणजे पेशी वाकून रक्तवाहिन्या तुंबतात तेव्हा, स्नायू हाताला मऊच लागतो, पाय गळून जातात, दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त, आणि हे सराव सुरू होऊन थोड्याच वेळात होतं. पोरगं बोलत असतं, म्हणूनच कोचला नाटक वाटतं आणि 'ऊठ, अजून एक राउंड' होतं. जीव जातो तो तिथे. थांबवा, सावलीत घ्या, असेल तर ऑक्सिजन लावा. दोन-चार मिनिटांत सावरलं नाही तर 108, आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला फोन करून 'सिकलिंगची शंका, पोटॅशियम, सीके आणि ईसीजी लगेच' असं सांगा (सीके म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी). लघवी कोलासारखी झाली असेल तर दुखतं म्हणून ब्रुफेन देऊ नका, किडनीवर आणखी भार पडतो.

बडबडायला लागलं, भान हरपलं, तर तो उष्माघात समजा. ताडपत्रीत बर्फाचं पाणी भरून आधी थंड करा, मग हलवा.

लॅबकट्टा
तपासणी झालीच तर सोल्युबिलिटी टेस्टवर (सिकलसेलची झटपट प्राथमिक चाचणी) थांबू नका. ती एएस आणि एसएस दोन्हीत पॉझिटिव्ह येते. फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या लॅब चाचण्यांनीच कळतो. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तेही फसवतं. 18 खालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि रिपोर्ट बंद पाकिटात पालकांच्याच हाती. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो गेला की 'एएस' हा शिक्का लग्न जुळवण्यापर्यंत पोरीच्या मागे लागतो.

सावली_हवी
एक गोष्ट राहिली. वाहकांच्या किडनीला लघवी घट्ट करणं नीट जमत नाही, त्यामुळे पाणी जास्त बाहेर जातं. इकडे मैदानावरच्या संडासाला कुलूप, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत! किल्ली आधी मागा, माठ नंतर.

मैदानफिजिओ
मग कोचच्या हातात द्यायच्या कागदावर काय लिहू?

ओला_टॉवेल
निदान एका शब्दानेही नाही. ज्याला खास सूचना लागेल त्याच्यापुरतं एवढंच: 'स्प्रिंटमधली विश्रांती स्वतःच्या गतीने, पाय गळल्याचं सांगितल्यास त्या दिवशी सराव बंद.' खाली तुमची सही आणि तारीख. एक प्रत तुमच्या फाइलला.