ट्रेनिंगला गेलं की शिक्षक मोठा होतो का वर्गात बसून?

चौथीच्या बाई, घणसोली:
नवीन शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास ट्रेनिंग घ्यावं. घेते की, पण तेवढे दिवस माझी पोरं कोण बघणार? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक, माझ्या पटावर ४१. त्यात वर्गातल्या एका मुलीला जोडाक्षरं वाचताच येत नव्हती, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, होळीला गावी गेली की जूनच्या शेवटी उगवते. तिला रोज लोकलने येणंजाणं, म्हणून स्टेशनांच्या पाट्यांवरून सुरू केलं. तुर्भे म्हणजे रफार, मुंब्रा म्हणजे रकार, विठ्ठलवाडी म्हणजे डबल ठ. दोन महिन्यांत धडा वाचायला लागली. हे मला कुठल्या पीपीटीने शिकवलं नाही, तिनेच शिकवलं.

ठाणेकर मास्तर:
बाई युक्ती झकास. पण माझं ऐका. पहिली ९ वर्षं मी घ-ध, म-भ उलटंसुलटं लिहिणाऱ्या पोरांना आळशी म्हणायचो, तोच शब्द ५० वेळा लिही म्हणायचो. मीही त्यांच्याच समोर बसून होतो हो रोज! मग एका ट्रेनिंगमध्ये अध्ययन अक्षमता म्हणजे एलडी काय असते ते कळलं, पोरगं आळशी नसतं, त्याला वाचणं-लिहिणंच अवघड जातं, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती आहे, दहावीला जादा वेळ मिळतो. त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. नुसतं वर्गात बसून माणूस स्वतःच्याच चुका पक्क्या करत जातो.

कळव्याची आई:
दोघंही बरोबर असाल पण बाई ट्रेनिंगला गेल्या की दोन वर्ग एकत्र कोंबतात आणि फळ्यावर "शांत बसा", हे आमच्या पोरीने दाखवलंय. सुट्टीत घ्या ना ट्रेनिंग.

ठाणेकर मास्तर:
ताई सुट्टीत मी येणार नाही, स्पष्ट सांगतो. इलेक्शन आमच्याकडे, जनगणना आमच्याकडे, ती कायद्यातच आहेत, आता दिवाळीपण द्यायची?

पाचपाखाडी_जुना:
आमच्या वेळी ६० चा वर्ग होता, कुठलं ट्रेनिंग नि कुठलं काय.

चौथीच्या बाई:
आजोबा, त्या ६० मधले किती सातवीनंतर गळाले तेही सांगा 🙂
मास्तर, त्यात ही टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ ला सांगितलं, ५ वर्षांपेक्षा जास्त सर्व्हिस बाकी असेल तर २ वर्षांत पास व्हा. १४ वर्षं शिकवतेय आणि रात्री भांडी झाली की बाल मानसशास्त्राचे एमसीक्यू सोडवते, यात माझी वाढ कुठे होतेय ते मला तरी दिसत नाही. चांगलं ट्रेनिंग म्हणजे माझ्या वर्गात कोणीतरी येऊन मागच्या बाकावर बसावं आणि नंतर चहा घेताना सांगावं, बाई तुम्ही डावीकडच्या रांगेला प्रश्नच विचारत नाही. असं ५० तास द्या, दिवाळीतही येते.
बाकी ते म-भ वालं एक पोरगं माझ्याकडेही आहे बहुतेक. तपासणी कुठे होते?

ठाणेकर मास्तर:
मुंबईत सायन, केईएम, नायर हॉस्पिटलला एलडी क्लिनिक आहे. पण आधी आईवडिलांना बोलवा आणि "वेडा नाहीये" हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर पुढचं काही ऐकत नाहीत.